अडोर्नोला छंद नव्हता

टेबलावर हे चार तारांचं चिमुकलं वाद्य ठेवलंय. ते बघून मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी आम्हाला विचारलं, सर, व्याख्यान अडोर्नोवर आहे ना? मग हे खेळणं कशाला? तर ही युकुलेली आहे. आम्ही स्वतः बनवलेली तिसरी. ‘खेळणं’ हा शब्द मात्र राहू द्या, कारण अडोर्नोचं म्हणणं जवळपास तेच होतं.

१९३८ साली त्याने संगीतातल्या वस्तुपूजेवर आणि माणसाची ऐकण्याची कुवत कशी मागे जाते आहे यावर एक मोठा निबंध लिहिला. त्यात जाता जाता युकुलेली येते. त्या काळी बाजारू गाण्यांच्या छापील प्रतींवर स्वरलिपीच्या वर छोट्या चौकटी काढलेल्या असत: चार रेघा, त्यांवर ठिपके, बोटं इथे ठेवा. अडोर्नो म्हणतो, पियानोच्या तुलनेत ही वाद्यं बालिश आहेत. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहेत. समजून वाचायच्या स्वरांच्या जागी डोळ्यांना दिलेला हुकूम आला, जणू चौकातला सिग्नल. पुढे १९६९ साली, म्हणजे ज्या वर्षी तो वारला त्याच वर्षी, त्याने ‘फावला वेळ’ या विषयावर रेडिओवर भाषण दिलं. त्यात तो स्वच्छ सांगतो, मला छंद नाही. वाचणं, संगीत करणं, ऐकणं या माझ्या जगण्यातल्या गंभीर गोष्टी आहेत, त्यांना छंद म्हणणं ही त्यांची थट्टा. आणि घरी बसून स्वतःच्या हाताने वस्तू बनवण्याची जी टूम निघाली आहे, तो कृतीचा आभास आहे, खरी कृती नव्हे.

हे भाषण आम्ही अनेक वर्षं शिकवलं. उत्साहाने शिकवलं. मुलांना आवडायचं, कारण त्यात सगळ्यांची खिल्ली होती आणि वर्गात बसलेल्यांची नव्हती.

आता त्यातला मुख्य युक्तिवाद नीट बघा. फावल्या वेळात माणूस चित्र काढतो, कविता करतो. श्रमविभागणीच्या जगात तेच काम दुसरं कुणी अधिक चांगलं करू शकतं. म्हणून हौशी माणसाची निर्मिती फालतू ठरते, आणि हा फालतूपणा त्याला मनातून ठाऊक असतो, म्हणून करण्यातला आनंदही नासतो. दोन ‘म्हणून’ आहेत. पहिला आम्हाला मान्य आहे. आमची युकुलेली जगाला नको आहे. तिच्याहून चांगली दुकानात मिळते, आणि लाकूड, पडद्यांची तार, खुंट्या यांच्या खर्चात तर नक्कीच मिळते. (फालतूपणाच मोजायचा तर आमचा पीएच.डी.चा प्रबंध या युकुलेलीच्या बराच पुढे जाईल. हिला निदान चार तारा आहेत.) घोटाळा दुसऱ्या ‘म्हणून’मध्ये आहे.

तो दाखवायला थोडं सुतारकाम सांगावं लागेल. ही कॉन्सर्ट मापाची आहे, म्हणजे वरच्या नटपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी ३८१ मिलिमीटर. पहिला पडदा कुठे बसवायचा? ३८१ ला १७.८१७ ने भागायचं: २१.३८. नटपासून तेवढ्यावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, दुसरा पडदा. असं करत गेलात की बारावा बरोबर मध्यावर, १९०.५ वर येतो, आणि तिथे तोच स्वर वरच्या सप्तकात वाजतो. आमच्या पहिल्या युकुलेलीत सातवा पडदा दोन मिलिमीटर सरकला. दोन मिलिमीटर म्हणजे काय हो? पण तो स्वर ऐकवत नव्हता. दांडी काढून टाकावी लागली.

विद्यापीठात उभं आयुष्य काढून आम्हाला इतकं सरळ उत्तर कधी मिळालं नव्हतं. आमच्या निबंधांवर मतभेद व्हायचे, समिती बसायची, कुणी ‘विचारप्रवर्तक’ म्हणायचं. पडदा विचारप्रवर्तक नसतो. तो जागेवर असतो किंवा नसतो. तबलीचंही तसंच. वरची फळी दोन मिलिमीटरच्या आसपास आणायची असते. रंधा आणि पॉलिश पेपर मारत जायचं आणि अधूनमधून फळी दोन बोटांत धरून टिचकी मारून ऐकायचं. जाड असते तोवर ठक्क वाजते, मग कधीतरी आवाजात पोकळी येते. तिथे थांबायचं. लोभ केला की तारांच्या ताणाने पोट फुगतं. बाजूच्या पट्ट्या भिजवून गरम नळीवर वाकवताना तर लाकूड ‘आता नको’ असं बोटांना सांगतं, आणि ऐकलं नाही तर मोडतं. आमच्या पाच मोडल्या.

हा आनंद ‘मी दुसऱ्यापेक्षा चांगलं केलं’ याचा नाही, त्यामुळे दुसरा चांगलं करतो म्हणून तो नासतही नाही. कामाच्या आत एक बरोबर-चूक असते, ती आपण आपखुशीने मानतो. अडोर्नोने मोजपट्टी लावली ती बाजाराचीच: कोण अधिक चांगलं बनवतं, कशाची गरज आहे. ज्या मोजपट्टीविरुद्ध त्याने आयुष्यभर लिहिलं, तीच इथे त्याच्या हातात दिसते. त्याच्या स्वतःच्या पियानोवादनाला ती लावली असती, तर पियानो उत्तम वाजवणारे त्याच्याहून थोर लोक त्या काळी होतेच की.

आणि ते सिग्नल! सोळाव्या शतकात युरोपात ल्यूटचं संगीत लिहिलं जायचं ते टॅब्लेचरमध्ये, म्हणजे कुठल्या तारेवर कुठल्या पडद्याशी बोट ठेवायचं तेच कागदावर. डाउलंडसारख्या रचनाकाराचं संगीत आपल्यापर्यंत असंच आलं. ते बालिश ठरवायला अडोर्नोही धजला नसता. आपल्याकडे तर गुरूच्या हाताकडे बघून सतार शिकलेल्याला स्वरलिपी येते का, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

पण त्याला पूर्ण चूक म्हणता येत नाही, आणि हे आम्हाला वाद्याच्या इतिहासाने शिकवलं. २३ ऑगस्ट १८७९ ला रेवन्सक्रॅग नावाचं जहाज मडेरा बेटावरून होनोलुलूला पोचलं. आत चारशेंवर माणसं होती, ऊसमळ्यांवर कराराने राबायला आणलेली. त्यांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तिघे लाकडी सामानाचे कारागीर. मळ्यांचा करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं काढली. मडेराच्या ‘मशेत’ या चार तारांच्या वाद्यातून, तिथल्या कोआच्या लाकडात (कोआ आपल्या बाभळीच्या दूरच्या गोतातला) युकुलेली तयार झाली. कालाकाउआ राजाने तिला हुला नृत्याशेजारी दरबारात बसवलं. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं गेलं, १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई घेतलं, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या मंडपातून हेच वाद्य अमेरिकेच्या डोक्यात शिरलं. मग न्यूयॉर्कचे गीतकार कधी न पाहिलेल्या बेटांवर गाणी पाडू लागले. अडोर्नोच्या टेबलावर आलेले छापील कागद त्या कारखान्याचे. कारखाना त्याने अचूक ओळखला. कागदामागची माणसं त्याला दिसली नाहीत. एका हरवलेल्या राज्याच्या वाद्याला त्याने बालिश म्हटलं.

बाजार आजही आहे. एक घेतली की दुसरी घ्यावीशी वाटते, या रोगावर युकुलेलीवाले स्वतःच विनोद करतात. बांधणीचे तयार संच मिळतात. आमची पहिली त्यातलीच. शिवाय आम्ही पट्टी मोडली तर हसतो. मिरजेत सतारीची तबली बसवणाऱ्याची चुकली तर त्या आठवड्याचे पैसे जातात. आमची मोकळीक निवृत्तिवेतनावर उभी आहे, हे अडोर्नोने ऐकवलं तर आम्ही मान खाली घालू.

मान खाली घालण्याजोगं आणखी एक आहे. आम्ही शिकवत होतो तिथे कार्यालयात एक लिपिक होते, वयाने आमच्याहून मोठे. ते बुलबुलतरंग वाजवत. गणपतीत त्यांनी कर्मचाऱ्यांसमोर वाजवलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत आम्ही अडोर्नोचं ते वाक्य मराठीत, जरा मीठमसाला लावून ऐकवलं. हशा झाला. ते हजेरीपट घेऊन दारात उभे होते. आत आले, पट ठेवला आणि विचारलं, “सर, बेसूर झालं होतं का कुठे?”

आम्हाला सांगता आलं नाही. आम्ही ऐकलंच नव्हतं. ते आता हयात नाहीत. त्यांचा प्रश्न टोमणा होता असं आम्ही कितीतरी वर्षं धरून चाललो. सातवा पडदा चुकल्यावर कळलं, की त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

अडोर्नोच्या त्याच भाषणाचा शेवट फार कमी लोक वाचतात. हॉलंडच्या राजकन्या बेआट्रिक्सचं लग्न झालं तेव्हा जर्मनीत त्याचा केवढा गाजावाजा झाला. त्याच्या संस्थेने लोकांना विचारलं, तर माणसं सगळं चवीने बघत होती आणि त्यावर पुरता विश्वासही ठेवत नव्हती. अडोर्नोला हे अनपेक्षित होतं, आणि प्रामाणिक माणूस, त्याने ते सांगितलं: माणसाचं मन पूर्णपणे गिळता येत नाही, फावल्या वेळातही काही शिल्लक उरतं. ही फट त्याने स्वतः ठेवली आहे. आमचं म्हणणं एवढंच, की ती त्याने लोकांच्या मतांत शोधली. लोकांच्या हातांकडे बघितलं असतं तर त्याला ती तीस वर्षं आधी सापडली असती.

वाजवण्याबद्दल विचारू नका, आम्हाला सी आणि एफ येतात, बी फ्लॅटला अजून करंगळी अडखळते. आता प्रश्न घेऊ. कुणाला हातात घेऊन बघायची असेल तर जरूर या, मात्र तिसऱ्या तारेची खुंटी सैल आहे, तेवढी जपा.