वसा, उपास आणि फलश्रुती

वजन उतरविण्याविषयीच्या लेखनाला वाङ्मय म्हणावे की नाही, याबद्दल रसिकांत मतभेद होतील. परंतु चाळिशी उलटलेल्या सुशिक्षित वाचकाच्या मनावर या लेखनाची पकड पुष्कळदा कथाकादंबऱ्यांहूनही घट्ट असते, हे नाकारता येणार नाही. ज्या लेखनावरून माणूस स्वतःच्या देहाकडे पाहण्याची रीत ठरवितो, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही.

आधुनिक काळात या प्रकाराचा साचा घालून दिला तो विल्यम बँटिंग याच्या १८६३ सालच्या स्थूलतेवरील पत्ररूप पुस्तिकेने. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा लंडनच्या या गृहस्थाचा व्यवसाय. वय ६६, उंची ५ फूट ५ इंच, आणि ऑगस्ट १८६२ मधील वजन २०२ पौंड. त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे, जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे, चारचौघांत टोमणे ऐकावे लागत. नाव वल्हविणे, बाष्पस्नाने, औषधे, सारे करून तो थकला होता. अखेर ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वे या कर्णतज्ज्ञाकडे गेला. हार्वे यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करविले, आणि सुमारे वर्षभरात ४६ पौंड उतरले. कृतज्ञतेपोटी बँटिंगने पुस्तिकेच्या आरंभीच्या आवृत्त्या विनामूल्य वाटल्या. स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याच्या क्रियापदात त्याचे नाव आजही जिवंत आहे.

बँटिंगच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप आहे तो त्याने रूढ केलेल्या रचनेला. आधी दैन्य, मग फसलेले उपाय, मग गुरूची भेट, वर्ज्य पदार्थांची यादी, आणि शेवटी घटलेल्या पौंडांची फलश्रुती. ही रचना मराठी वाचकास अपरिचित नाही. श्रावणातल्या कहाण्या अशाच चालतात. तेथे वसा घेणाऱ्याचे भले होते आणि टाकणाऱ्याची दैना होते, आणि दैना झाली तर दोष वशाचा कधीच नसतो. वजनाच्या पुस्तकांनी हा न्याय जसाच्या तसा उचलला आहे. वजन उतरले तर पद्धत थोर, परत चढले तर वाचक दुबळा! पन्नाशीतील माणूस पाचव्यांदा नवी पद्धत आरंभितो, तेव्हा चार अपयशांचे ओझेही तो पाठीवर वाहत असतो. ते कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

शिवाय कहाणीतील व्रताला उद्यापन असते. वैद्याने सांगितलेले पथ्यही बहुधा दुखणे हटले की सुटते. वजनाच्या उपासाला मात्र ना उद्यापन, ना सुटका. पुस्तक विजयाच्या दिवशी संपते, देह पुढे चालू राहतो. त्या पुढच्या काळाविषयी शास्त्राने जे सांगितले, ते या लेखनात क्वचितच उतरते. १९४४–४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. पण त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरे काही उरले नाही. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, आणि पुढे पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही अनेकांची भूक लवकर शमेना. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन उतरविण्याच्या दूरचित्रवाणी-स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी केलेली दिसते. बहुतेकांचे उतरलेले वजन पुष्कळ अंशी परतले होते. मात्र विश्रांतीच्या स्थितीत शरीराचा ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. म्हणजे ज्याला आपण मनाचा दुबळेपणा म्हणतो, त्यात देहाच्या आत्मरक्षणाचा भाग मोठा असतो.

ही जाण ठेवून पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील ‘उपास’ हे प्रकरण पुन्हा वाचावे. पंत वजन उतरविण्याचा संकल्प सोडतात, चाळीतील प्रत्येक शेजारी वर्ज्य पदार्थांत आपली भर घालतो, आणि अखेरीस काटा खाली येण्याऐवजी वरच गेलेला असतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीचे हे विनोदी भाष्य, अशी त्याची सामान्यतः वाखाणणी होते. आमच्या मते त्याचे मोल याहून अधिक आहे. फलश्रुती नाकारणारी ही वशाची कहाणी आहे. वजन वाढूनही पंत चाळीच्या माणसांतून उठत नाहीत. सल्ल्यांचा भडिमार करणारे शेजारी त्यांना हसतात, पण वाळीत टाकीत नाहीत. देहासकट माणसाला आपल्यात सामावून घेणारे हे हसू आहे.

तथापि या हशालाही एक मर्यादा आहे. पंतांच्या पोटावर चाळ मोकळेपणी हसू शकते, कारण पंत पुरुष आहेत. संकल्प त्यांचा, फजिती त्यांची, आणि ती रंगवून सांगण्याचा मानही त्यांचाच. ज्या स्वयंपाकघराच्या आधाराने हा उपास चालतो, ते सांभाळणाऱ्या बाईच्या वजनाची कथा तेथे नाही. मासिक पाळी थांबण्याच्या सुमारास स्त्रीच्या अंगावरील चरबी कमरेकडे सरकू लागते. ती सकाळी घरच्यांसाठी पोळ्या लाटते आणि स्वतः काकडीच्या फोडी खाते, संध्याकाळी मुलांच्या ताटातले उरलेसुरले संपविते आणि त्याबद्दल स्वतःला दोष देते. हा अनुभव फलश्रुतीत बसत नाही, आणि नुसत्या विनोदातही मावत नाही. त्याला गंभीर ललित गद्यच हवे.

देहाचा स्वीकार म्हणजे प्रकृतीची हेळसांड, असा अर्थ कोणी काढू नये. मधुमेह आणि गुडघेदुखी यांना साहित्यिक उत्तर नाही. परंतु काट्यावरचा आकडा म्हणजे प्रकृती नव्हे, हेही तितकेच खरे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे छापली होती. उंची-वजनाच्या गुणोत्तराने निघणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! ज्या आकड्याखातर माणसे निम्मे आयुष्य स्वतःशी भांडतात, तो त्यांच्याविषयी किती थोडे सांगतो, हे या एका जोडीवरून ध्यानात यावे.

आपल्या शिंपीकामात एक सुंदर शब्द आहे. पुढे अंग भरले तर कपडा उसवून सैल करता यावा, म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखतात, त्याला ‘माया’ म्हणतात. ब्लाउज शिवताना पुरेशी माया सोडणाऱ्या कारागिराने देहाचे बदलणे आधीच गृहीत धरलेले असते, आणि त्यात त्याला कोणाचा अपराध दिसत नाही. मध्यवयातील देहाविषयी लिहिणाऱ्यांकडून आमची अपेक्षा याहून मोठी नाही. फलश्रुतीचे आश्वासन त्यांनी खुशाल गाळावे. वाक्यांच्या शिवणीत तेवढी माया मात्र ठेवावी.