नोंदवहीतला कोरा रकाना

रुग्णालयांतल्या जुन्या केसपेपरांवरून कर्करोगावरचा चांगला उपचार ठरवता येईल, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. नोंदी आयत्याच आहेत. मग खर्चिक चाचण्या कशाला? हे म्हणणे आम्हाला अर्धेच पटते.

समजा, शिकवणीला जाणाऱ्या मुलांचा निकाल चांगला लागला. श्रेय शिकवणीचे, की मुळात तिथे कोणती मुले जातात त्याचे? औषधांचेही असेच. कडक औषध बहुधा धडधाकट रुग्णालाच देतात. तो जास्त जगला तर नोंदवही औषधाची पाठ थोपटते. स्तनाच्या कर्करोगावर अतितीव्र मात्रेची औषधे आणि त्यासोबत अस्थिमज्जारोपण हा उपचार अशाच नोंदींच्या भरवशावर अमेरिकेत हजारो स्त्रियांना दिला गेला. रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकावे तसे पाडून केलेल्या चाचण्यांचे निकाल 1999 मध्ये आले, तेव्हा बहुतेकांत जादा फायदा दिसला नाही.

दुसरी अडचण आपल्या जवळची. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीचा शेतमजूर उपचाराला नागपूरला जातो. कापूसवेचणी सुरू झाली, भाड्याचे पैसे संपले, की फेरी चुकते. पुढचा रकाना कोरा. तो बरा झाला, की दगावला? असे कागद बाजूला काढून हिशेब केला, तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसू शकते.

मग नोंदी निरुपयोगी का? मुळीच नाही. बार्शीला 1987 मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते रुग्णाची वाट पाहत बसले नाहीत. 346 गावांत जाऊन माहिती घेऊ लागले. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची चाचणी झाली. गावांचे गट चिठ्ठ्यांच्या पद्धतीने पाडले होते आणि पुढचा मागोवा घ्यायला नोंदणीची मदत झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रश्न उपचाराचा नव्हता, पण धडा तोच: तुलना चिठ्ठीने, मागोवा नोंदीने.

रुग्ण किती उशिरा येतात, किती जण उपचार अर्धवट सोडतात, हे मात्र रोजच्या नोंदीच सांगतील. त्यासाठी कोऱ्या रकान्यामागचे घर शोधावे लागेल.

वर्गात करून पाहा: चाचणीचे सरासरी गुण काढा. गैरहजर मुलांचे काय केलेत?