'कंट्रोल' : तिकीट मागणाऱ्या माणसाची गोष्ट

'कंट्रोल' हा शब्द आमच्या नळदुर्गात कानावर पडला, की डोळ्यांसमोर येते ते रेशनचे दुकान. कंट्रोलचा गहू, कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची रांग. हंगेरीत मात्र हा शब्द म्हणजे तपासणी. निम्रोद अंताल या दिग्दर्शकाने २००३ साली याच नावाचा चित्रपट काढला आणि तिकीट तपासनिसांना नायक केले. त्याचा हा पहिलाच मोठा चित्रपट. पुढच्या वर्षी तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे तरुणांच्या परीक्षक मंडळाने त्याला पारितोषिक दिले. आम्ही तो इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहिला. थरारपट म्हणून पाहायला बसलो होतो. पाहून झाल्यावर थरारापेक्षा वेगळेच काही मनात राहिले. त्याविषयी हे चार शब्द.

चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत जमिनीखाली घडतो. बुडापेस्टची मेट्रो जुनी आहे. तिचा पहिला मार्ग १८९६ साली सुरू झाला. चित्रीकरण याच मेट्रोत, रात्री गाड्या बंद असतानाच्या तासांत झाले. आरंभी मेट्रो कंपनीचा एक अधिकारी पडद्यावर येतो आणि हे सारे प्रतीकात्मक आहे, आमचे कर्मचारी असे नाहीत, अशा अर्थाचे निवेदन करतो. आम्हाला आधी वाटले, हाही विनोदच असेल. पण माणूस खरा, निवेदनही खरे. आपली बदनामी होणार हे ओळखून कंपनीने दार उघडले, ही गोष्ट साधी नाही.

या मेट्रोत प्रवाशाला अडवणारे फाटक नसते. म्हणून तपासनीस लागतात. बुल्चू, प्रोफेसर, मुकी, लेचो आणि नवखा टिबी अशी पाच जणांची टोळी. गणवेश नाही, दंडावर पट्टी चढवली की अधिकारी, उतरवली की कोणीही नाही. प्रवासी त्यांना शिव्या देतात, हुलकावणी देतात, प्रसंगी हातही उचलतात. मुकीला तर राग अनावर झाला की झोपच लागते! ज्या क्षणी गरजायचे, त्याच क्षणी हा गडी जमिनीवर आडवा. प्रोफेसर टिबीला कामाचे धडे देतो, तेव्हा आम्हाला बी.एड.चे सराव पाठ आठवले. शिकवणारा आत्मविश्वासाने सांगत असतो, आणि वर्गात पाऊल टाकताच त्यातले काहीच उपयोगी पडत नाही.

हसू येते, पण ते कोणाला हसते हे पाहायला हवे. आपल्याकडच्या चित्रपटांत टी.सी. किंवा कंडक्टर येतो तो बहुधा अर्ध्या मिनिटासाठी. त्याला फसवायचे, टोपी उडवायची आणि पुढे जायचे. कॅमेरा प्रवाशाशेजारी बसलेला असतो. अंतालने कॅमेरा उचलून तपासनिसाच्या खांद्यामागे ठेवला. जागा बदलली आणि हसण्याचा अर्थही बदलला. तिकीट चुकवून पळणाऱ्याची चलाखी गमतीची वाटते. तीच चलाखी दिवसातून शंभर वेळा सोसणाऱ्याचा चेहरा पाहिला, की हसू ओठांवरच थांबते.

या संदर्भात आपल्याकडचा एक चित्रपट आठवतो. संजय खंडुरी यांचा २००७ सालचा 'एक चालीस की लास्ट लोकल'. नायक अभय देओलची १.४० ची शेवटची लोकल कुर्ल्याला चुकते, आणि पहाटे ४.१० च्या गाडीपर्यंतचे अडीच तास त्याला काढायचे असतात. तोही काळ्या विनोदाचा थरारपट, तोही रेल्वे झोपलेल्या तासांचा. पण तिथे रेल्वे म्हणजे निव्वळ घड्याळ आहे. गाडी चुकली की कथा स्थानकाबाहेर पडते आणि पोलीस, गुंड, पैसा यांच्या फेऱ्यात हिंडू लागते. गाडी चालवणारा, तिकीट तपासणारा तिच्यात कुठेच नाही. बुडापेस्टच्या माणसाने त्याच तासांत स्थानकाच्या आत राहून तिथल्याच नोकरदारांचे चित्र काढले. दोन्ही चित्रपट रंजक आहेत. आतल्या माणसाची विचारपूस मात्र एकानेच केली.

आम्हाला हे इतके का लागले, तेही सांगितले पाहिजे. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. वर्गात आमचा अदब राखला जातो. पण मतदार यादीच्या, सर्वेक्षणाच्या कामासाठी गळ्यात ओळखपत्र अडकवून मोहल्ल्यात फिरू लागलो, की तीच माणसे बदलतात. ज्यांची मुले आमच्या वर्गात बसतात, त्यांच्याच दारात आम्ही उभे असतो आणि दाराआडून प्रश्न येतो, "सर, कागज कायकू होना?" त्यांची भीती खोटी नाही. गठ्ठ्यातला एखादा कागद कमी पडला की काय होते, हे त्यांनी कंट्रोलच्या रांगेत अनुभवले आहे. पण आमच्याही हातात काही नसते. हुकूम वरून येतो आणि दारात उभे राहावे लागते खालच्याला. बुल्चूच्या दंडावरची पट्टी आणि आमच्या गळ्यातले ओळखपत्र यांत आम्हाला फरक दिसेना.

बुल्चू पूर्वी चांगल्या नोकरीत होता. ती सोडून तो खाली आला आणि आता वर जातच नाही, फलाटावरच झोपतो. आमच्या किल्ल्यात, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बाहेर पाणी कोसळत असते आणि आत माणूस कोरडा उभा असतो. तिथे घटकाभर बरे वाटते. जग बाहेर आदळते आहे आणि आपल्याला लागत नाही. बुल्चूने त्या मेट्रोचा असाच पाणीमहाल केला आहे. पण तिथे राहायचे म्हटले तर?

आता आक्षेप. डोक्यावर टोपडे ओढलेला एक अनोळखी इसम प्रवाशांना गाडीखाली ढकलत असतो. तो खरा माणूस की बुल्चूच्याच मनाची काळी बाजू, हे दिग्दर्शक उघड करत नाही. कल्पना चांगली, पण पाठलाग सुरू झाला की चित्रपट इतर थरारपटांसारखा होतो आणि टोळी बाजूला पडते. अस्वलाच्या पोशाखात तिकिटाविना हिंडणारी झोफी मोहक आहे. तिचा बाप बेला, गाडीचालक, तोही लक्षात राहतो. पण झोफीला नायकाला वर नेण्यापलीकडे फारसे काम नाही. शेवटी तिच्यासोबत बुल्चू सरकत्या जिन्याने वर जातो. प्रोफेसर, मुकी, लेचो, टिबी मात्र खालीच राहतात. उद्या सकाळी त्यांना पुन्हा तिकिटे मागायची आहेत. एकाची सुटका झाली म्हणजे गोष्ट संपली, हे आम्हाला पटले नाही.

मुंबईत २०२४ साली पहिली भुयारी मेट्रो सुरू झाली. तिथे फाटकच तिकीट वाचते. कदाचित उद्या तपासनिसाची गरजही कमी होईल. पण फाटकाशी कोणी भांडत नाही, फाटकाला घरची अडचण सांगता येत नाही, आणि फाटक कधी कोणाला नजरेआड करून सोडूनही देत नाही. माणूस उभा होता तोवर अपमान होता, तशी माणुसकीलाही जागा होती.

नळदुर्गात रेल्वे नाही. आमची सारी ये-जा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एस.टी.ने. आमच्या ओळखीत वाहक आहेत, कंट्रोलच्या दुकानात मापे भरलेले आहेत, घरोघर कागद मागत फिरलेले शिक्षक तर भरपूर. रांगेतल्या माणसाचे दुःख आपल्या साहित्याने लिहिले आणि ते लिहिलेच पाहिजे. पण खिडकीच्या पलीकडे बसलेला, वरच्याचे ऐकणारा आणि खालच्याचे सोसणारा माणूसही बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातला असतो. त्याने आता लिहावे. वाचायला आम्ही तयार आहोत.