भिंगाचा जमाखर्च

मराठीत कवितेला समीक्षक आहेत, नाटकाला आहेत, मिसळीला तर गल्लोगल्ली आहेत. पण कॅमेऱ्याच्या भिंगाची समीक्षा आपण दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. स्थळ कसं आहे हे मध्यस्थालाच विचारण्यातला हा प्रकार. मी बी.कॉम. माणूस. भिंगाशी माझा संबंध चाळिशीच्या चष्म्यापुरता. तरीही ही समीक्षा मी लिहितो आहे, कारण या व्यवहारात मी एकदा बुडालो आहे.

प्रकरण घडलं ट्रॉम्बेत. आमची कन्या इथल्या एका हॉलमध्ये बॅडमिंटन खेळते. मागल्या वर्षी तिच्या सामन्याला मी कॅमेरा घेऊन गेलो आणि एकशे चाळीस फोटो काढले. घरी आल्यावर ती सगळे बघत गेली आणि शेवटी अगदी सौम्यपणे म्हणाली, ''बाबा, यातली मी कुठली?'' एका फोटोत जाळी सुरेख आली होती. एकात भिंतीवरचं घड्याळ इतकं स्पष्ट, की चार वाजून दहा मिनिटं झाल्याचं कोर्टात शाबीत करता आलं असतं. खेळाडूंच्या जागी मात्र पांढरट धूर.

एरवी मी हे बुडीत खाती टाकलं असतं. पण यंदा कन्या नववीत. पुढे दहावी. हिने जाहीर करून टाकलं होतं, की डिसेंबरचे सामने झाले की रॅकेट माळ्यावर. म्हणजे हा शेवटचा हप्ता. तो चुकला तर वसुलीला मुदत नाही.

बँकेत विषय काढताच सल्ल्यांचा पाऊस पडला. सगळ्यांचं म्हणणं एकच : ''लांबलचक भिंग घ्या. पेपरवाल्यांकडे असतं तसलं.'' मानखुर्दहून हार्बर पकडली, सीएसएमटीला उतरलो आणि बोरा बाजार गाठला. दुकानदाराने एक पांढरं धूड माझ्या हातात दिलं. सत्तर ते दोनशे मिलिमीटर, एफ २.८. वजन दीड किलोच्या आसपास, किंमत लाखाच्या पुढे. ''साहेब, ईएमआय करून देतो,'' तो म्हणाला. हे कुणाला? ज्याने वीस वर्षं इतरांचे ईएमआय थकलेले पाहिले त्याला!

मी ते जपून परत केलं आणि घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली.

तेव्हा कळलं की माझं चुकलं होतं ते अंतरात नव्हे, उजेडात. ट्रॉम्बे म्हणजे १९५६ साली आशियातली पहिली अणुभट्टी जिथे सुरू झाली ते गाव. पण तिथल्या हॉलमध्ये फोटोपुरता उजेड मिळेल तर शपथ! डोळ्याला लख्ख वाटतं, कॅमेऱ्याला तिन्हीसांज असते. फ्लॅश मारावा तर खेळाडू दिपतो आणि पंच अंगावर येतो.

भिंगावर जो एफचा आकडा असतो तो व्याजदरासारखा वाचावा : जितका कमी तितकं आपलं भलं. आकडा लहान म्हणजे भोक मोठं. कॅमेऱ्याबरोबर जे भिंग येतं त्यावर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. हा फ्लोटिंग रेट. लांबून बघाल तोवर साडेतीन, आणि झूम करून मुलीच्या चेहऱ्याजवळ गेलात की गुपचूप ५.६. करारात लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. त्या पांढऱ्या धुडाचा दर शेवटपर्यंत फिक्स २.८, म्हणून त्याला लाख रुपये.

आणि एक बुटकं भिंग असतं, पन्नास मिलिमीटर, एफ १.८. झूम नाही, ऐट नाही, किंमत दहा हजारांच्या घरात. ५.६ च्या मानाने हे जवळजवळ दहापट उजेड आत घेतं. आधी माझा विश्वास बसला नाही, मग आकड्यांचा वर्ग करून पाहिला. बरोबर निघालं.

या दहापटीची गरज काय? २०२३ साली आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. सेकंदाच्या पाचशेव्या भागात ते शटल फूटभर पुढे सरकतं. आमच्या कन्येचा स्मॅश इतका जहाल नाही, पण तिचा हात गोठवायलाही पाचशेवा भाग लागतोच. तेवढ्यात ५.६ च्या भोकातून काय मिळणार? मग लोक आयएसओ वाढवतात. आयएसओ म्हणजे ओव्हरड्राफ्ट. नसलेला उजेड उचलायचा आणि व्याज दाण्यांत फेडायचं. चेहऱ्याचा रवा होतो.

झूम नसल्याची भीतीही हिशेबात टिकली नाही. जाळीपासून मागची रेघ ६.७० मीटर. माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पन्नासचं भिंग पंचाहत्तर-ऐंशीसारखं वागतं. जाळीच्या खांबाबाहेर बैठक मारली की समोरचा खेळाडू चौकटीत पायांसकट बसतो. जास्त जवळ हवा असेल तर आपण सरकावं. कबड्डी किंवा बास्केटबॉल असता, किंवा प्रेक्षकांत वर बसायचं असतं, तर दुकानदाराचं खरं ठरलं असतं. त्याच्यावर अन्याय नको.

अवगुण सांगायलाच हवेत. मोठ्या भोकात स्पष्टपणाचा पट्टा फार अरुंद. सहा मीटरवर मागेपुढे मिळून जेमतेम मीटरभर. कन्या एक ढांग पुढे आली की कान स्पष्ट, नाक अंधुक. शिवाय काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. एका फोटोत मुलगी गव्हाळ, पुढच्यात कावीळ झालेली. त्याला उपाय एकच, भरपूर काढायचे आणि भरपूर पुसायचे.

डिसेंबरात कन्या तिसऱ्या गेममध्ये एकोणीस-एकवीसने हरली. स्मॅशचे अकरा फोटो चांगले आले. पण हिने फ्रिजवर लावला तो शेवटच्या पॉइंटनंतरचा. गुडघ्यांवर हात टेकून उभी आहे, कपाळावर चिकटलेला केस न् केस मोजून घ्यावा असा.

''हरल्यावरचाच बरा सापडला तुला,'' कन्या म्हणाली.

''स्मॅशचेही आहेत. पण एकातही शटल नाही गं आलं.''

''आलंय की. यात बघ ना.''

मी चष्मा लावून बघितलं. तिच्या पुढ्यात, मीटरभराच्या पट्ट्याबाहेर, जमिनीवर एक पांढरा ठिपका होता. अंधुक.