'पीआर कमी' म्हणजे नक्की काय?

एंडोमेट्रियल कॅन्सरवर, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवर, प्रपोजल लिहायला बसलात की पहिल्याच पानावर बोखमन भेटतात. लेनिनग्राडचे संशोधक, १९८३ चा पेपर, ३६६ रुग्ण, दोन प्रकार. पहिला ईस्ट्रोजेनवर पोसलेला, लठ्ठपणा-मधुमेहासोबत येणारा, मूळ अस्तराशी बरंच साम्य राखणारा, प्रोजेस्टोजेनला दाद देणारा. दुसरा साधारण याच्या उलट. निरीक्षण जबरदस्तच आहे. पण पेशीचं डिफरन्सिएशन किती टिकलंय आणि ती हॉर्मोनचं किती ऐकते, हे दोन वेगळे प्रश्न त्यात एकाच गाठोड्यात बांधले गेले.

२०१३ मध्ये टीसीजीएच्या ३७३ ट्यूमरच्या पेपरने ते गाठोडं सैल केलं. हाय-ग्रेड एंडोमेट्रिऑइड म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के ट्यूमर जनुकीय पातळीवर सिरस प्रकाराच्या पंक्तीत बसले. मार्करच्या पेपरांत मात्र जुनी सवय अजून दिसते: प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, म्हणजे पीआर, कमी दिसला की 'डिफरन्सिएशन गेलं' असं लिहून मोकळं व्हायचं.

इथे जरा थांबा. ईस्ट्रोजेन पीआर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन तो कमी करतं. पाळीच्या उत्तरार्धात निरोगी ग्रंथींतही पीआर ओसरतो, भोवतालच्या स्ट्रोमात मात्र टिकतो. म्हणजे पीआर कमी होण्याचे अर्थ दोन, आणि तेही उलटे: पेशी हॉर्मोनला बधिर झाली, किंवा तिने हॉर्मोनचं ऐकलं! औषधाआधीच्या आणि औषध चालू असतानाच्या बायॉप्सी एकाच तक्त्यात मोजणारा पेपर मला पटत नाही, पी-व्हॅल्यू कितीही देखणी असो. मूल हवं म्हणून गर्भाशय वाचवू पाहणाऱ्या तिशीतल्या बाईचं प्रोजेस्टोजेन चालू ठेवायचं की शस्त्रक्रिया करायची, हे ठरवताना असा रिपोर्ट समोर असू शकतो.

आपल्याकडे त्यात फिक्सेशनची भर. क्युरेटिंग डोंबिवली-कल्याणच्या नर्सिंग होममध्ये, आणि मेणाचा ब्लॉक पुढे परळला टाटामध्ये, असा प्रवास नवा नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला किंवा पुरेसा वेळ राहिला नाही, तर असलेला रिसेप्टरही 'निगेटिव्ह' दिसू शकतो. मग त्याच स्लाइडवरच्या निरोगी स्ट्रोमाला रंग आला होता का? बायॉप्सीच्या वेळी बाई कोणतं हॉर्मोन घेत होती? मेथड्समध्ये हे नसेल तर जर्नल क्लबमध्ये पहिला हात याच प्रश्नांसाठी वर करा. एच-स्कोअरवर नंतर बोलू.