आयईईई ८३० : नमुने आठ, आपण उचलला एकच

बोईसरच्या एका मुलाने संशोधन प्रस्तावाला जोडलेला एसआरएस मला वाचायला दिला. अनुक्रमणिका, मार्जिन, क्रमांक सगळं चोख. आत वाक्य होतं, 'टाकीतली पातळी वाढल्यास प्रणाली लगेच इशारा देईल.' लगेच म्हणजे किती सेकंदांत? आणि वाढल्यास म्हणजे कुठवर? विचारलं तर उत्तर आलं, "फॉरमॅट आयईईईचाच आहे."

मग तो मूळ फॉरमॅट एकदा वाचाच. आयईईई ८३० ची १९९८ची आवृत्ती स्वतःला फक्त 'शिफारस केलेली पद्धत' म्हणवते. रिक्वायरमेंट असंदिग्ध हवी, पडताळता यायला हवी, तिचा माग काढता यायला हवा, हा तिचा खरा आग्रह. मांडणीचे मात्र परिशिष्टात आठ नमुने आहेत. आपण त्यातला एक धरला आणि नियम करून टाकला. थोडा दोष त्या दस्तऐवजाचाही आहे: मथळे उतरवून घेता येतात, गुण उतरवता येत नाहीत. २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ ने घेतली, तरी कॉलेजांत अजून जुनाच साचा फिरतो.

फॉरमॅट कशासाठी असतो, हे पाहायला बोईसरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्राचा धागा धरू. तिथल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. त्याच कुळीच्या, कॅनडातल्या डार्लिंग्टन केंद्रात अणुभट्टी बंद करणाऱ्या सॉफ्टवेअरची खात्री पटेना. डेव्हिड पार्नास यांच्या सल्ल्याने रिक्वायरमेंट गणिती तक्त्यांत मांडल्या गेल्या. दुसऱ्या गटाने कोड वाचून वेगळे तक्ते केले आणि मग दोन्ही ताडून पाहिले. काम प्रचंड वेळखाऊ होतं, परवानाही लांबला. पण तक्त्यात रिकामा कप्पा डोळ्यांत खुपतो. परिच्छेदात तो सहज लपतो.

तुम्ही एवढं सगळं करावं असं मी म्हणत नाही. त्या मुलाला मी त्याच्या एकाच वाक्याचा तक्ता करायला सांगितला. पातळी मर्यादेखाली, पातळी मर्यादेवर. दोन कप्पे पटकन भरले. तिसऱ्यापाशी अडला: सेन्सरचं रीडिंगच आलं नाही तर? प्रस्तावाचा अर्धा भाग तो आता त्या कप्प्यावरून नव्याने लिहितोय.