सीमाप्रांताची स्वतःची वाणी

साम्राज्याच्या सीमेवरील प्रांताचा इतिहास बहुधा जेताच लिहितो. डॅन्यूब नदीपलीकडील डेशिया देश रोमन सम्राट ट्राजन यानें इ. स. १०६ मध्यें जिंकला व इ. स. २७१ च्या सुमारास ऑरेलियन यानें सोडून दिला. त्या युद्धाची कथा रोम शहरांतील ट्राजनस्तंभावर कोरलेली आजहि दिसते. परंतु खुद्द डेशियन लोकांचा एकहि ग्रंथ उरला नाहीं.

उत्तर कोंकणचें भाग्य या बाबतींत थोर आहे. हाहि सीमेचाच मुलूख. तारापूर, शिरगांव, केळवें-माहीम येथील किल्ले पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे होते; १७३९ मध्यें ते मराठ्यांनीं घेतले. त्यापूर्वीहि येथें अनेक राजवटी येऊन गेल्या. या उलथापालथीची येथल्याच लोकांनीं सांगितलेली हकीकत म्हणजे ‘महिकावतीची बखर’ होय. ती राजवाड्यांनीं १९२४ मध्यें प्रसिद्ध केली.

इतिहासग्रंथ या नात्यानें बखरींत दोष पुष्कळ आहेत. ती निरनिराळ्या हातांनीं, निरनिराळ्या काळीं रचलेली आहे. कुळें, गोत्रें व गांवें यांच्या याद्या वाचकास कंटाळा आणतात. राजवाड्यांची प्रस्तावना मात्र मूळ ग्रंथाहून अधिक वाचली गेली. येथील समाज राजसत्तेविषयीं उदासीन होता, असें अनुमान तींत त्यांनीं काढलें आहे.

हें अनुमान आम्हांस अर्धेंच पटतें. शके १३७० मधील केशवाचार्यांच्या भागांत मालाडच्या नायकोरावास देवीचा दृष्टांत होतो, लोक जमतात व महाराष्ट्रधर्म रक्षण्याचा विचार होतो. सिंहासनाविषयीं हे लोक उदासीन असतील. आपण कोण, याविषयीं खचित नव्हते. जेथें राजा टिकत नाहीं, तेथें स्मृतीला कुळाचा व गांवाचाच आधार. म्हणून त्या रुक्ष याद्या हाच बखरीचा प्राण आहे, असें आमचें मत आहे.

तथापि ही वाणी वसाहतीस आलेल्या कुळांची आहे. डहाणू-पालघरच्या डोंगरांतील वारल्यांचें म्हणणें तींतून ऐकूं येत नाहीं. डेशियनांचें मौन आमच्या बखरींतहि आहे. तें ध्यानीं ठेवूनच ती वाचली पाहिजे.